नवीन माल काढला, अर्ध्यांनी नाक मुरडलं. आता काय?



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. मुळात तो आपल्या साकोलीच्या बॅचमधल्या एका ताईंचा. व्हिडिओत बारा मिनिटांत अर्धंच बोलून झालं, म्हणून उरलेलं इथे सविस्तर लिहितो.

ताईंचा वाळवणाचा धंदा आहे. पापड, कुरडया, सरगुंडे, शेवया. सहा वर्षं झाली, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, उन्हाळ्यात ऑर्डर पुऱ्या होत नाहीत. यंदा त्यांनी मोहफुलांचे लाडू करून पाहिले आणि दिवाळीनंतरच्या मंडईत ४ किलो घेऊन बसल्या. काय झालं? दोघी जणी परत येऊन अर्धा-अर्धा किलो घेऊन गेल्या. कॉलेजच्या पोरांनी एकेक खाल्ला, फोटो काढले, मस्त म्हणाले. आणि बाकी बरेच जण "बाई, हे खाऊन चढणार तर नाही?" असं विचारून हसत पुढे गेले. आपल्याकडे मोह म्हटलं की आधी बाटलीच आठवते, त्याला ताई तरी काय करणार! संध्याकाळी दीड किलो लाडू घरी परत आले. सासूबाई म्हणाल्या, चांगले पापड सोडून हे काय काढलंस.

ताईंचा बेत असा होता: वाळवण बंद करायचं, बचत गटातून ६० हजार उचलायचे आणि सगळं लक्ष लाडवांवर. आणि प्रश्न असा: "सर, लोकायचं आयकू का माह्या मनाचं?"

मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतल्या एका दादाने मोबाईल वर केला. "ताई, हे पहा." एक रील होती. रेडिओहेड नावाचा इंग्रज बँड, त्यांनी गिटार बाजूला ठेवून विचित्र अल्बम काढला, टीकाकारांनी झोडपलं, आणि अल्बम थेट अमेरिकेत पहिल्या नंबरवर. खाली मोठ्या अक्षरांत: लोकांचं ऐकू नका. बॅचने टाळ्या वाजवल्या. ताईंचा चेहरा उजळला.

मी घाबरलो, खरं सांगतो. रील खोटी नव्हती. पण तिच्यात गोष्टीचा मधला भाग कापलेला होता, आणि पैसा त्या मधल्या भागातच आहे.

तर पूर्ण गोष्ट ऐका. रेडिओहेड म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या शाळेत जमलेली पाच मित्रांची टोळी. थॉम यॉर्क गाणारा, ग्रीनवूड बंधू जॉनी आणि कॉलिन, एड ओब्रायन, फिल सेलवे. गिटारवर उभं असलेलं रॉक, पण ठरलेल्या वाटेपेक्षा जरा बाजूचं, ज्याला तिकडे अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. १९९२ मध्ये ‘क्रीप’ हे गाणं आलं आणि पुढे जगभर वाजलं. १९९३ चा पहिला अल्बम, १९९५ चा दुसरा, आणि १९९७ मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’. या तिसऱ्याने त्यांना एकदम वर नेऊन बसवलं. मार्केटमध्ये त्यांची नक्कल करणारे बँड यायला लागले. चौथा अल्बम तसाच काढला असता तर डोळे झाकून खपला असता.

पण यॉर्कलाच ते नको झालं होतं. लांबलचक दौऱ्यांनी तो थकला होता, गिटारवर काही सुचत नव्हतं, आणि घरी तो मशीनवर केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत बसायचा. १९९९ च्या सुरुवातीला पॅरिसला रेकॉर्डिंग सुरू झालं. तिथे जमलं नाही. कोपनहेगनला गेले, तिथेही नाही. महिनोन्‌महिने अर्धवट तुकडे. आणि गंमत बघा, पहिली नाराजी बाहेरच्या लोकांची नव्हती, घरातलीच होती. गाण्यात गिटारच नाही तर गिटारवाल्याने करायचं काय? ओब्रायनला साधी, गिटारवरची गाणी हवी होती. बँड राहतो की मोडतो अशी वेळ आली होती. शेवटी त्यांचा निर्माता नायजेल गॉडरिच याने पाच जणांचे दोन गट केले, एकाने आवाज तयार करायचे, दुसऱ्याने त्यावर काम करायचं. अशी वाट निघाली.

(हा भाग मी मुद्दाम सांगतोय. तुम्ही नवीन काही काढता तेव्हा पहिली सासूबाई दुकानात नाही, घरातच असते. तिला वाटतं, यात माझं काम काय उरलं? पापड लाटणाऱ्या बाईला लाडवाच्या धंद्यात काय जागा आहे, हे ताईंनी घरी सांगितलेलंच नव्हतं.)

ऑक्टोबर २००० मध्ये तो अल्बम आला. नाव ‘किड ए’. आधी एकही सिंगल सोडलं नाही. रीतसर व्हिडिओही नाही, काही सेकंदांचे ॲनिमेशनचे तुकडे तेवढे. अल्बम बाजारात येण्याआधीच इंटरनेटवर फुटला, लोक नॅपस्टरवरून फुकट ऐकत होते. तरी अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २ लाखांवर प्रती गेल्या आणि तो पहिल्या नंबरवर बसला. त्याच वर्षी युरोपात त्यांनी स्वतःचा मोठा तंबू घेऊन दौरा केला, तंबूत कुठल्या कंपनीची जाहिरात नाही. आपल्या झाडीपट्टीचा मंडप डोळ्यांसमोर आणा, फक्त समोरच्या पडद्यावर खताच्या दुकानाचं नाव नाही!

आता प्रतिसाद. ‘मेलडी मेकर’ नावाचं जुनं संगीत साप्ताहिक होतं, त्याने पाचपैकी दीड तारा दिला. ‘पिचफोर्क’ या तेव्हाच्या नव्या वेबसाइटने दहापैकी दहा. एकच माल. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. दशक संपताना ‘रोलिंग स्टोन’ने त्या दहा वर्षांतला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याचं नाव घेतलं. आणि ‘मेलडी मेकर’? ते २००० च्या डिसेंबरातच बंद पडलं. रील बनवणाऱ्याला हे कळलं असतं तर त्याने यावरही एक रील केली असती, की पाहा, टीका करणारा संपला. तसं काही नाही हो. साप्ताहिकं तेव्हा तशीही बुडत होती. दीड ताऱ्यामुळे कोणी बुडत नाही आणि दहा मार्कांनी कोणी तरत नाही.

मला जास्त मोलाची वाटते ती तिसरी टीका. निक हॉर्नबी हा कादंबरीकार, स्वतः गाण्यांचा वेडा. त्याने ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं, त्याचा सूर साधारण असा होता: हे ऐकायला जो धीर लागतो तो सोळा वर्षांच्या पोराकडे असतो, दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाकडे नसतो. बघा, हा माणूस बेसूर आहे असं म्हणत नाही. तो म्हणतोय, तुम्ही माझ्याकडे जो वेळ मागताय तो माझ्याकडे नाही. ही शुद्ध ग्राहकाची तक्रार आहे आणि रास्त आहे. मंडईत फिरणाऱ्या माणसाकडे तुमच्या लाडवासाठी फार तर एक मिनिट असतो. त्या मिनिटात मोहाचं पोषण, आदिवासी परंपरा, आजीची रेसिपी एवढं सगळं त्याला वाचायला लावलं तर तो पुढेच जाणार.

म्हणून मी बॅचमध्ये सांगतो, टीका आली की ती कोणत्या जातीची आहे ते आधी बघा. "पहिल्यासारखं नाही" ही एक जात. "बेचव आहे" ही दुसरी. "कळलं नाही, वेळ नाही" ही तिसरी. ‘किड ए’ला शिव्या देणाऱ्यांत पहिल्या जातीचे भरपूर होते, त्यांना ‘ओके कॉम्प्युटर’ परत हवा होता. अशी तक्रार काळाबरोबर विरते, कारण लोकांना सवय होते. दुसरी विरत नाही, तिथे तुमचं गूळ-तुपाचं प्रमाण चुकलेलं आहे. तिसऱ्या जातीला माल बदलायची गरज नाही, सांगायची पद्धत बदला. ताईंकडे आलेल्या शंभरातल्या नव्वद तक्रारी तिसऱ्या जातीच्या होत्या आणि ताई त्या पहिल्या जातीच्या समजून मनाला लावून बसल्या होत्या.

आता तो कापलेला मधला भाग. रेडिओहेडला हे परवडलं कसं?

कारण ‘ओके कॉम्प्युटर’ने घर भरलं होतं. तीन अल्बमचं गिऱ्हाईक पाठीशी होतं आणि ते निदान एकदा तरी विकत घेऊन ऐकणार हे नक्की होतं. पहिल्या आठवड्यातल्या त्या २ लाख प्रती ‘किड ए’ने विकलेल्या नाहीत, तेव्हा बहुतेकांनी तो ऐकलाही नव्हता. त्या जुन्या नावाने विकल्या. शिवाय, त्याच रेकॉर्डिंगमधून उरलेल्या गाण्यांचा दुसरा अल्बम, ‘ॲम्नेसियाक’, त्यांनी आठेक महिन्यांत, जून २००१ मध्ये काढला, आणि त्यातून मात्र सिंगल सोडले, व्हिडिओ केले. म्हणजे गिऱ्हाइकाला आत यायला दार ठेवलं. लोकांचं अजिबात न ऐकणारा माणूस असं करत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे इंग्लंडचं झालं, आमच्यामागे कुठे एवढं नाव आहे. बरोबर. म्हणून आता मुंबईचं सांगतो. हे बँडचं नाही, एकट्या माणसाचं आहे, पण मला ते आपल्या जास्त जवळचं वाटतं.

चरणजीत सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलेलं. पडद्यावर कधी दिसले नाहीत, पण काम पक्कं. सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या रेकॉर्ड काढायचे, लग्नसमारंभात ऑर्केस्ट्रा असायचा. त्यांना नव्या यंत्रांचा नाद. रोलँड कंपनीचे सिंथेसायझर, बेस वाजवणारं छोटं यंत्र, ताल देणारं यंत्र त्यांनी घेतलं. १९८२ चा सुमार, देशात डिस्कोची लाट. त्यांना वाटलं, यावर राग वाजवून पाहावेत. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. नावाचा अर्थ सरळ होता: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे सगळे ओळखीचे.

चालली नाही. झोडपायलाही कोणी पुढे आलं नाही. मला वाटतं, अडचण मालात नव्हती, कप्प्यात होती. दुकानदाराने ती ठेवायची कुठे? शास्त्रीय संगीताच्या कप्प्यात ठेवली तर रसिक ठेका ऐकून कानावर हात ठेवणार. डिस्कोच्या कप्प्यात ठेवली तर नाचणाऱ्या पोराला त्यात गाणं सापडणार नाही, हिरो नाही, नायिका नाही. दोन्ही गिऱ्हाइकांना अर्धा-अर्धा माल, आणि अर्ध्या मालाला कोणी पूर्ण पैसे देत नाही.

पुढची गोष्ट सिनेमात शोभेल अशी. १९८७ मध्ये अमेरिकेत शिकागोला त्याच बेसच्या यंत्रावर काही पोरांनी संगीत केलं, त्याला ॲसिड हाउस म्हणतात, जगभर त्यावर लोक नाचले. २००२ मध्ये एका डच रेकॉर्ड-संग्राहकाला भारतात चरणजीत सिंग यांची ती विसरलेली रेकॉर्ड सापडली. ऐकतो तर काय, शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत तसाच आवाज! २०१० मध्ये त्याने ती नव्याने बाजारात आणली. सत्तरीतले चरणजीत सिंग ती जुनी यंत्रं घेऊन युरोपात स्टेजवर वाजवायला गेले. समोर विशीतली पोरं. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.

ही गोष्ट ऐकून पुन्हा टाळ्या वाजतात. थांबा जरा. १९८२ ते २०१०. अठ्ठावीस वर्षं. बचत गटाचा हप्ता अठ्ठावीस वर्षं थांबतो का? "काळाच्या पुढे होते" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते दाखवून सावकार, बँक, किराणावाला कोणीच उधारी पुढे ढकलत नाही. मग चरणजीत सिंग यांचं घर कसं चाललं? कारण त्यांनी रेकॉर्डिंगचं काम सोडलं नव्हतं. लग्नाच्या सुपाऱ्या होत्या. प्रयोग फसला तर दुसऱ्या दिवशी वाजवायला जायची जागा शाबूत होती. रेकॉर्ड पडली, माणूस पडला नाही. आणि म्हणूनच २०१० मध्ये दार वाजलं तेव्हा ते दार उघडायला घरी होते, यंत्रांसकट.

कोणी म्हणेल, अर्ध्या मनाने केलेला प्रयोग यशस्वी होत नाही, जहाज जाळल्याशिवाय माणूस लढत नाही. मोटिव्हेशनवाले हे फार सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला देणाऱ्याचं जहाज किनाऱ्यावर सुखरूप असतं. रेडिओहेडने पूर्ण मनाने केलं, चरणजीत सिंग यांनीही केलं. मन पूर्ण होतं, पैसा मात्र घर मोडून लावलेला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपली पोरं त्या एकत्र करून कर्जात जातात.

आपल्याच मातीतलं बघा. झाडीपट्टीची नाटक कंपनी दर हंगामाला नवीन नाटक आणते. धान निघाला, मंडई सुरू झाली की गावोगावचं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं लावतं, लोक रात्रभर बसतात. कथा नवीन असते, कधी विषयही धाडसी असतो. पण गाणी असतात, विनोदी पात्र असतं. पब्लिकला जे हवं ते हातात देऊन मग नवीन सांगायचं ते सांगतात. ज्या रंगभूमीतल्या कलावंताला, परशुराम खुणे यांना, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काही सरकारी अनुदानावर उभी राहिलेली नाही. तिकिटावर उभी आहे. नवं-जुनं कसं मिसळायचं हे शिकायला इंग्लंडला जायची गरजच नव्हती खरं तर, पण रीलने विषय तिकडे नेला त्याला माझा इलाज नाही.

तर ताईंचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. ६० हजारांचं कर्ज वर्षभरात फेडायचं तर महिन्याला हप्ता ५ हजारांच्या वर. लाडू ४०० रुपये किलो, त्यात सगळा खर्च जाऊन हातात राहतात साधारण १२० रुपये. म्हणजे नुसता हप्ता निघायला दर महिन्याला ४४ किलो लाडू विकायला हवेत. मंडईच्या गर्दीत, एका दिवसात, अडीच किलो गेले होते. मंडई काही रोज नसते. फळ्याकडे बघून वर्ग गप्प झाला. रील दाखवणारा दादाही.

पण मी ताईंना लाडू सोडा असं म्हटलं नाही, आणि कमेंटमध्ये ज्यांना तसं वाटलं त्यांच्यासाठी हे पुन्हा लिहितो. परत येऊन अर्धा-अर्धा किलो नेणाऱ्या त्या दोघी मला शंभर हसणाऱ्यांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. हसणाऱ्याने चव घेतलेलीच नाही, त्याचं मत लाडवाबद्दल नाहीच, मोहाबद्दल आहे. त्या दोघींनी चव घेऊन दुसऱ्यांदा पैसे काढले. मी ताईंना विचारलं, त्या कोण होत्या? नंबर घेतला का? नाही घेतला. एवढी एक चूक मला खरी वाटली.

आता ठरलं ते असं. वाळवण चालू राहील, त्याच्या नफ्यातून महिन्याला दीड हजारापर्यंतच लाडवांवर जाईल, गेले तर गेले म्हणून. कर्ज नाही. पापड घेणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला पाकिटाबरोबर एक लाडू फुकट, आणि तो हातात देताना "मोहफूल" हा शब्द आधी नाही, चव घेतल्यावर सांगायचा. कोणाला काय लागलंय, कोणी परत मागितला, हे वहीत लिहायचं. सासूबाईंकडे गुळाचा पाक, कारण पाकाचा अंदाज त्यांच्याइतका घरात कोणालाच नाही. हा शेवटचा मुद्दा ताईंनी स्वतः काढला, मला सुचला नव्हता.

पवनीकडच्या एका मंडईत त्या परत बसणार आहेत. या वेळी टेबलावर पुढे पापड आणि सरगुंडे, मागे स्टीलच्या डब्यात दोन किलो लाडू. वही आणि पेन बरोबर घ्या म्हणून मी काल फोन केला, तर म्हणाल्या, "घेतलं जी सर, सासूबाईनंच पिशवीत टाकलं."